कापलेली आठ मिनिटं

माझ्या चुलतभावाच्या कुस्तीचा मी केलेला बावीस सेकंदांचा व्हिडिओ आमच्या पंचक्रोशीत बराच फिरला. तो बघून सगळ्यात जास्त नाराज झाला तो चुलतभाऊच.

शेजारच्या गावच्या यात्रेतली निकाली कुस्ती होती. अकरा मिनिटं चालली. मी आखाड्याच्या कडेला बसून सगळी मोबाईलवर घेतली. घरी येऊन कापायला बसलो. पहिली आठ मिनिटं समोरचा पोरगा वरचढ होता. त्यानं भावाला दोनदा खाली घेतलं आणि कब्जा सुटू दिला नाही. ती आठ मिनिटं मी काढून टाकली. हलगीचा आवाज बंद करून गाणं टाकलं. शेवटी भावानं ढाक मारून त्याला चितपट केला, तो क्षण स्लो मोशनमध्ये तीनदा लावला.

भाऊ म्हणाला, "भैय्या, त्यानं मला दोनदा खाली घेतलं होतं की. ते कुठंय?"

"ते कोण बघतंय?"

"मग मी जिंकलो कुणाला?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खाली कमेंटमध्ये लोक त्या पोराची आणि त्याच्या गावाची टिंगल करत होते. मी खोटं काहीच दाखवलं नव्हतं. प्रत्येक फ्रेम त्या दिवशीचीच होती. तरी सगळं मिळून जे झालं होतं, ते खोटं होतं.

मग कापणं हेच पाप आहे का? तसं म्हणता येणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली होती. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. मधला जवळजवळ सगळा वेळ त्यात गाळलेला होता, पण त्यात फसवणूक नव्हती. उलट जे डोळ्यांना कधीच दिसत नाही ते त्या कापण्यानं दिसलं. वेळ कमी केल्यानं सत्य कमी होत नाही. अंकुर दाखवायचाच नाही आणि एकदम वेल दाखवून 'बघा, एका दिवसात आली' म्हणायचं, हे मात्र वेगळं. मी दुसरं केलं होतं.

बर्फावर स्कीइंग करणाऱ्या हौशी लोकांची अडचण ह्याच्या उलटी असते. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याची रुंद लेन्स उतार सपाट करून टाकते. जिथं पाय लटपटले ती जागा व्हिडिओत शाळेच्या मैदानासारखी दिसते. मग जाणकार काय करतात? खाली उभं राहून दुसऱ्याकडून चित्रण करून घेतात, चौकटीत एखादं सरळ झाड किंवा माणूस ठेवतात, म्हणजे उतार किती तिरका आहे ते कळतं. कॅमेराच तिरका धरून खोटा चढ तयार करणारेही असतात. बघणाऱ्याला दोन्हीकडे उतार दिसतो, पण पहिल्यानं भीती खरी तेवढी परत आणली, दुसऱ्यानं ती विकत आणली.

कुस्तीत ते सरळ झाड म्हणजे समोरचा पैलवान. तो केवढा आहे हे दिसल्याशिवाय आपला केवढा हे कळत नाही.

तेरखेड्याच्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. आमचं गाव फटाक्यांचं. शोभेची दारू वर जाते, मग क्षणभर काहीच दिसत नाही, आणि मग फूल उघडतं. तो मधला अंधार व्हिडिओतून कापून बघा. फूल फुलत नाही, नुसता उजेड पडतो. शिवाय त्या फुलामागं दारू भरणारे हात असतात. कुठं स्फोट झाला की त्यांची बातमी होते. एरवी ते कुठल्याच व्हिडिओत नसतात.

मी व्हिडिओ पुन्हा केला, सत्तर सेकंदांचा. पहिल्या वीस सेकंदांत तो पोरगा भावाला दोनदा खाली घेतो. 'सहा मिनिटांनी' अशी पाटी टाकली. गाणं काढून हलगी परत आणली. ढाक एकदाच दाखवली, आणि त्यानंतरचे पाच सेकंद ठेवले. त्यात भाऊ हात देऊन त्याला उठवतो. पहिल्या वेळी हे पाच सेकंद मला फालतू वाटले होते.

हा व्हिडिओ पहिल्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचला नाही. पहिला मी काढून टाकला, पण तोवर तो इतरांच्या मोबाईलमध्ये गेलेला होता, तो परत आणता येत नाही. त्या पोराला मी फोन केला. तो म्हणाला, "राहू द्या, कुस्ती आहे." त्याच्या आवाजावरून त्यानं माफ केलं की विषय संपवला, ते मला कळलं नाही.

आता कापायला बसलो की एक गोष्ट करतो. बोट बटणावर नेण्याआधी विचारतो, हा तुकडा काढला तर कुणाची मेहनत जाते? वेळ जात असेल तर खुशाल कापतो. माणूस जात असेल तर थांबतो.

पुढच्या यात्रेत त्या दोघांची जोड पुन्हा लागली, तर मला त्याच्या बाजूला बसून चित्रण करायचं आहे.