जनीचा लेखनिक



आषाढी पौर्णिमेला काल्यासाठी आपण गोपाळपुरात जातो, तेव्हा तेथील जनाबाईंच्या जात्याचे दर्शन घेतल्याशिवाय परतत नाही. खुंट्याला हात लावतो, एखादा फेरा देतो, तोच हात कपाळाला लावतो आणि मागच्या माउलीला जागा करून देतो. त्या जात्यावर पांडुरंग जनीबरोबर दळायला बसत असे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण पांडुरंगाने जनीचे आणखी एक काम केले. आज त्याच कामाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

गाथ्यात जनाबाईंच्या नावाने एक अभंग आहे. कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, याची ती नोंद आहे. ज्ञानदेवांचे चिदानंदबाबांनी लिहिले, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावतोबांचे काशिबा गुरवाने, चोखोबांचे अनंतभट्टाने. अशी एकेक नावे घेत शेवटी ती स्वतःवर येते आणि सांगते की जनीचे लिहिणारा पांडुरंग.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करा. गंगाखेडची एक पोरकी मुलगी. दामाशेटींच्या घरी दळणकांडण करून वाढलेली. तिला कोण लेखनिक मिळणार? तिने इतरांच्या लेखनिकांची नावे प्रेमाने आठवून ठेवली आणि आपल्या वाट्याला कोणी माणूस आला नाही म्हणून देवाच्या हातात लेखणी दिली. आपण या कथेकडे चमत्कार म्हणून पाहतो आणि हात जोडतो. मला मात्र हल्ली त्यात एक प्रश्नही ऐकू येतो. देवाला लिहायला बसावे लागले, तेव्हा आजूबाजूची माणसे काय करत होती?

हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला विचारत नाही. माझ्या आजीने बावीस वाऱ्या केल्या. पहाटे ती जात्यावर बसे आणि तिच्या ओव्या सुरू होत. काही आईकडून आलेल्या, काही सासूकडून, आणि काही निःसंशय तिच्या स्वतःच्या, कारण त्यात आमच्या शेताची, वाटेवरच्या नदीची आणि न जगलेल्या एका लेकराची नावे असत. मी तेव्हा शाळेत जात होतो. माझ्याकडे वही होती, पेन्सिल होती. आजीला लिहिता येत नव्हते, मला येत होते. मी एक ओळही लिहून घेतली नाही. पुढे गावात गिरणी आली, जाते परसात गेले आणि आजीही गेली. आमच्या दिंडीची स्मरणिका निघाली, तेव्हा त्यात वीणा घेतलेल्या आजोबांचा फोटो आला, खाली त्यांचे पूर्ण नाव आले. बावीस वर्षे डोक्यावर तुळस घेऊन त्याच दिंडीत चाललेल्या आजीचे नाव कोठेच नव्हते. मजकूर मीच तपासून दिला होता. माझ्याही लक्षात आले नाही.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “माउली, एवढे काय त्याचे? नाव-गाव देहाचे. भक्तीत मीपणच उरत नाही. चंद्रभागेत गेलेल्या पाण्याला कोणी ओढ्याचे नाव विचारते का? आजीची सेवा पांडुरंगाने पाहिली, तेवढे पुरे.”

हा आक्षेप हलका नाही. मीही कित्येक वर्षे असेच म्हणून स्वतःची समजूत घातली. पण दोन गोष्टी मनातून जाईनात.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या संतांनी मीपण सोडले, पण अभंगातली नाममुद्रा सोडली नाही. अभंगाच्या शेवटी तुका येतो, नामा येतो, एका जनार्दनी येतो. जनी येते ती ‘नामयाची’ म्हणून किंवा ‘दासी’ म्हणून, पण येते. सोयराबाई चोखोबांची म्हणून स्वतःची ओळख देते आणि त्याच मुद्रेने देहाच्या विटाळाविषयी असा प्रश्न विचारते की भल्याभल्यांना उत्तर सापडू नये. नाममुद्रा ही बढाई नसते. हे बोल माझे आहेत, यांची जबाबदारी माझी आहे, एवढेच ती सांगते. ती मुद्रा पुसली गेली असती, तर सोयराबाईचा प्रश्न उरला असता, पण तो विचारण्याची पाळी कोणावर आली होती, हे कळले नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मीपण ज्याचे त्यानेच सोडायचे असते. मी माझे नाव देवाच्या पायी वाहिले तर तो त्याग झाला. पण आजीचे नाव मी विसरलो, तर तो आजीचा त्याग कसा होईल? ती माझी बेपर्वाई झाली. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी आपण उचलावी आणि वर ‘त्याला उपवासाचे पुण्य लागले’ असे म्हणावे, तसे हे आहे. आणि गंमत पाहा, हा निरहंकाराचा नियम आपण आजोबांच्या फोटोला लावत नाही. तो फक्त आजीच्याच वाट्याला येतो.

बरे, आठवण ठेवली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. कशी ठेवली, हेही पाहावे लागते. तुकोबारायांच्या जिजाईंचेच घ्या. कीर्तनात आवली आली की मंडपात हशा पिकतो. भांडखोर, कजाग, देवाला शिव्या देणारी बाई एवढेच रूप आपण पिढ्यान्‌पिढ्या जपले. पण त्याच परंपरेत असेही सांगितले जाते की, ती भाकरी घेऊन डोंगर चढून जाई आणि महाराजांना जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे. दुष्काळात तिची सवत रखुमाई अन्नावाचून गेली होती, हे महाराजांनी स्वतःच सांगितले आहे. ज्या घराने भुकेने माणूस जाताना पाहिले, त्या घरातली बाई उद्याच्या पिठासाठी तडकली, तर ती कजाग ठरते काय? 1650 मध्ये महाराजांचे वैकुंठगमन झाले, तेव्हा तिच्या पोटात नारायणबाबा होते, असे परंपरा सांगते. याच नारायणबाबांनी पुढे 1685 मध्ये पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. आपण ज्या पालखीमागे चालतो, ती सुरू करणाऱ्या मुलाला बापाच्या माघारी जिने वाढवले, तिला आपण हशासाठी राखून ठेवले आहे. पुढच्या वेळी मंडपात हशा येईल, तेव्हा ही गोष्ट आठवा.

याच्या उलट उदाहरण बहिणाबाईंचे आहे. 1628 मध्ये वेरूळच्या परिसरातील देवगावी जन्म, लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न, मग गाव सोडून कोल्हापूर, तिथे जयरामस्वामींचे कीर्तन, लळा लागलेले वासरू, पतीची मारहाण, स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह, नंतर देहू आणि शेवटी शिऊर. हे सगळे आपल्याला कळले, कारण त्यांनी ते स्वतः अभंगांत सांगून ठेवले. पतीच्या सेवेविषयी सांगितले तसे त्याच्या माराविषयीही सांगितले. स्त्रीदेहामुळे वेदाचा अधिकार नाही, याचे दुःखही लपवले नाही. 1700 मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी आपले पूर्वजन्मही मुलाला सांगितले. त्यांचे आत्मनिवेदन जपले गेले, गाथा छापली गेली, 1929 मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. तरीही आपले काय होते? भागवत धर्माच्या मंदिराचा पाया ज्ञानदेवांचा आणि कळस तुकोबांचा, हे रूपक वारकऱ्याच्या ओठावर असते. ते बहिणाबाईंच्या नावाने आले आहे, हे किती जणांना ठाऊक असते? मंदिर लक्षात राहते, त्याचे वर्णन करणारी राहत नाही.

मग ज्यांना बहिणाबाईंसारखे आपले जीवन रचून ठेवता आले नाही, त्यांचे काय? याचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतील कष्टकरी बायांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. गावातल्या बायाही त्या कामात सामील झाल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, काही ध्वनिमुद्रितही झाल्या. त्यांतल्या शेकडो ओव्यांत पंढरी आहे, विठ्ठल-रखुमाई आहेत, जनी आहे. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते वेगळेच. ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदवले गेले. ‘लोकपरंपरा’ या एका शब्दाखाली सगळ्या बाया झाकून टाकल्या नाहीत. पॉइत्वाँ फ्रान्समध्ये जन्मलेले. जात्याची घरघर त्यांच्या आईच्या घरातली नव्हती. तरी त्यांना ऐकू आले आणि मला, ज्याची आजी चार हातांवर बसून गात होती, ऐकू आले नाही.

माउली, हे सगळे सांगण्याचा हेतू तुम्हाला अभ्यासक करण्याचा नाही. लिहून ठेवणे हीसुद्धा वारीतली एक सेवा आहे, एवढेच सांगायचे आहे. पाय चेपणे, पाणी देणे, पंगत वाढणे, तशीच ही. पांडुरंगाने ती केली आहे, म्हणजे ती कमीपणाची नक्कीच नाही.

या वर्षी मुक्कामावर हरिपाठ झाला, जेवणे झाली की आपल्या दिंडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माउलीजवळ बसा. आधी तिचे नाव विचारा. अमक्याची आई, तमक्याची मंडळी असे नको, तिचे स्वतःचे नाव आणि माहेरचे गाव विचारा. कित्येकींना ते विचारून वर्षे झालेली असतात. मग ती म्हणेल ते ऐका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर तिला विचारून करा आणि सुरुवातीला तिचे नाव, गाव, तारीख तिच्याच तोंडून येऊ द्या. नाहीतर दहा वर्षांनी आवाज उरेल आणि आवाज कोणाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. तिने एखादी गोष्ट सांगून ‘हे लिहू नको बाबा’ म्हटले, तर लिहू नका. लेखनिकाचा धर्म त्यातही आहे. आणि जे लिहाल ते गोड करून लिहू नका. ती देवावर चिडली असेल तर चिडलेली राहू द्या. जनीही विठ्ठलावर चिडत असे, आणि तेही गाथ्यात राहिले आहे.

माझ्याकडे आजीचे काही उरले नाही. एका ओवीची चाल तेवढी आठवते, शब्द नाहीत. गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण भेटली, नव्वदीच्या घरातली. मी ती चाल गुणगुणली. तिने डोळे मिटले, थोडा वेळ गेला आणि तिला दोन चरण आठवले. मी खिशातली दिंडीची पावती काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतले. खाली आजीचे नाव लिहिले, तिच्या माहेरचे गाव लिहिले. मग मावशीआजीचेही नाव लिहिले, कारण जपले तिने होते.

फार उशिरा लिहिले, हे कबूल. तुमच्या घरात अजून उशीर झाला नसेल.

॥ राम कृष्ण हरी ॥