मोठं कुत्रं घरी येतं तेव्हा

कुत्रं पाळायचं तर पिल्लूच आणावं, हा आपल्याकडचा पक्का समज. लहानपणी आणलं की त्याला आपलं वळण लागतं, माणसांचा लळा लागतो. मोठ्या कुत्र्याच्या अंगात आधीच्या घराच्या सवयी मुरलेल्या असतात, ते कधी आपलं होत नाही, असं सांगणारे शेजारी आणि नातेवाईक प्रत्येकाला भेटतात. या समजाची किंमत मोजतात ती सहा, आठ, दहा वर्षांची कुत्री. मालक वारले, मुलं परदेशी गेली, बदली झाली, घरात बाळ आलं, नव्या सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या, अशा कारणांनी ती घराबाहेर पडतात. काही रीतसर निवाऱ्यात पोचतात, काही रात्री गाडीतून नेऊन हायवेच्या कडेला सोडली जातात. प्राण्याला असं उपाशीतापाशी टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जुन्या त्या आकड्याचा आज कुणाला धाक वाटावा?

मोठं कुत्रं नव्या माणसाला जीव लावत नाही, हे मुळातच खरं नाही. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली निवाऱ्यांतल्या प्रौढ कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका अनोळखी माणसाने कुत्र्याबरोबर दहा-दहा मिनिटं, अशी तीनदा घालवायची, एवढाच त्यातला सहवास. त्यानंतर, तान्ह्या मुलाची आईशी असलेली जवळीक जोखण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी बसवलेल्या चाचणीच्या धर्तीवर या कुत्र्यांची चाचणी घेतली. अर्ध्या तासाच्या त्या ओळखीवर कुत्री त्या माणसाला आपला मानू लागल्याची लक्षणं दिसली. आपल्याकडचा अनुभवही वेगळा नाही. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने २०१७ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल असं दाखवलं, की पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या अनोळखी माणसाने नुसतं खायला घालण्यापेक्षा अंगावरून हात फिरवला, तर कुत्री त्याच्यावर अधिक विश्वास टाकतात. म्हणजे माणसाच्या मायेची भूक वयाबरोबर आटत नाही.

पण लळा लागला म्हणजे कुत्रं रुळलं, असंही नाही. इथेच चांगल्या मनाच्या घरांची गफलत होते. कुत्रं पायाशी येऊन बसतं, हात चाटतं, आणि आपण समजतो की झालं, याला घर मिळालं. त्याला अजून फक्त माणूस मिळालेला असतो. घर मिळायचं बाकी असतं. घर म्हणजे कुठल्या आवाजानंतर काय होतं याची खात्री. कुकरच्या शिट्टीनंतर जेवण येतं, दाराची कडी वाजली की फिरायला जायचं असतं, दिवे गेले की सगळे झोपतात आणि सकाळी पुन्हा उठतात. आठ वर्षांच्या कुत्र्याने ही खात्री एका घरात कमावलेली असते आणि एका दिवसात गमावलेली असते. नवं घर ते कोऱ्या पाटीसारखं शिकायला बसत नाही. जुन्या घराशी ताडून पाहत ते नवं घर समजून घेतं. म्हणून माझं म्हणणं असं, की दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याला रुळवणं म्हणजे त्याचं आधीचं आयुष्य पुसून काढणं नव्हे. त्यातलं जमेल तेवढं आपल्या घराने स्वीकारायला हवं. जुळवून घेण्याचं पहिलं काम माणसांचं आहे.

पहिल्या दिवसांतली शांतता फसवी असते, हे आधी समजून घेऊ. मायकल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेत ओहायोतल्या एका निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. निवाऱ्यातल्या पहिल्या तीन दिवसांत असलेल्या कुत्र्यांमध्ये ते जास्त होतं, नऊ दिवसांहून अधिक काळ तिथे असलेल्या कुत्र्यांमध्ये कमी. नवं घर निवाऱ्याइतकं भयंकर नसेल, पण कुत्र्याच्या लेखी तीही एक अनोळखी जागाच. त्या ताणात बरीच कुत्री गप्प होतात. भुंकत नाहीत, काही कुरतडत नाहीत, सांगाल तिथे बसतात. घरचे कौतुकाने सांगतात, “किती शहाणं आहे, त्रास म्हणून नाही.” मग दोन-तीन आठवड्यांनी तेच कुत्रं बेल वाजली की अंगावर धावून जातं, ताटलीजवळ हात नेला तर गुरगुरतं, एकटं ठेवलं की दार ओरबाडतं. “आधी गुणी होतं, लाडाने बिघडलं,” असा निकाल लागतो आणि कुत्रं परत पाठवलं जातं. मला हा निकाल अतिशय अन्यायाचा वाटतो. आधी ते गुणी नव्हतं, भेदरलेलं होतं. आता ते आपल्याला काय नको आहे हे सांगण्याइतकं सावरलं आहे. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना असते. त्याबद्दल रागावून, मारून ती बंद केली, तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात. गुरगुरलं तर आपण मागे सरावं, ते कशाला नको म्हणतंय ते पाहावं, आणि पुढचं हळूहळू शिकवावं, गरज पडली तर जाणकाराच्या मदतीने.

श्वानप्रेमींमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा रुळण्याचा एक ठोकताळा चालतो. धीर धरायची आठवण म्हणून तो ठीक आहे. त्याचं वेळापत्रक करून “तीन महिने झाले, तरी अजून का नाही?” असा हिशेब मांडू नये.

आपला पाहुणचारही थोडा आवरायला हवा. कुत्रं आलं की त्याला ओवाळतात, इमारतीतली सगळी मुलं बघायला येतात, फोटो निघतात, परगावच्या आजीला व्हिडिओ कॉल जातो, आणि संध्याकाळच्या आत शॅम्पू लावून आंघोळ होते. यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी होते आणि प्रत्येक गोष्ट त्याच्यावरचं ओझं वाढवते. गोचीड किंवा घाण नसेल, तर आंघोळ आठवडाभर थांबू शकते. अंगाला येणारा वास हीच काय ती त्याच्याजवळ उरलेली जुनी ओळख असते. आधीच्या घरातलं अंथरूण मिळालं, तर ते न धुता तसंच पसरावं. एक कोपरा ठरवून द्यावा आणि तिथे गेल्यावर त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या लहान मुलांनाही पाळायला लावावा. जवळ यायचं की नाही, हे ठरवायची मोकळीक त्याला पहिल्या दिवसापासून असावी.

माझ्या बहिणीच्या घरी आठ वर्षांची एक लॅब्रेडॉर आली. आधीचं कुटुंब परदेशी गेलं होतं. त्यांचं घर तळमजल्यावर, शहाबादी फरशीचं आणि मागे अंगण असलेलं; बहिणीचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, आरशासारख्या गुळगुळीत टाइल्सचा. कुत्री दारातून आत आली आणि पायपुसण्यावरच थांबली. एक पाय पुढे टाकायची, नखं घसरली की मागे घ्यायची. बिस्किट दाखवलं, लाडीगोडी लावली, मेहुण्यांनी पट्टा ओढून पाहिला. ती चपलांच्या स्टँडला पाठ लावून बसली ती बसलीच. घरात सगळ्यांनी धरलं की हिला आपण आवडलो नाही. डॉक्टरांनी कंबर आणि मागचे पाय तपासले तेव्हा कळलं, की खुब्याच्या सांध्यांना संधिवात आहे. घसरणारा प्रत्येक पाय तिला दुखत होता. मग दारापासून हॉलमधून बाल्कनीपर्यंत जुन्या सतरंज्या आणि रबरी चटया अंथरल्या, पंजातले वाढलेले केस कापले, नखं कापली, आणि ती त्या वाटेने चालू लागली. तिचा स्वभाव वगैरे काही बदललेला नव्हता. जमीन बदलली होती.

मोठ्या कुत्र्याचं वागणं समजून घ्यायचं तर आधी शरीर तपासून घ्यावं, असा माझा आग्रह आहे तो यासाठी. चिडचिड्या कुत्र्याचा दात किडलेला असू शकतो. घरात शू करणाऱ्याला मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. हाक मारल्यावर न येणाऱ्याला ऐकूच कमी येत असेल. अशा कुत्र्याला झोपेत मागून हात लावला, तर ते दचकून चावू शकतं. रात्री घरभर फेऱ्या मारणारं म्हातारं कुत्रं कधी कधी स्मृतिभ्रंशाच्या वाटेवर असतं. गोचीड तापाने आपल्याकडे कितीतरी कुत्री आतून खंगतात, तेव्हा पहिल्या भेटीतच रक्त तपासून घ्यावं. दुखतंय म्हणून माणसांची गोळी मात्र कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषासारखं आहे. तसाच आपला कांदा-लसणीचा रस्सा आणि शिऱ्यातले बेदाणे. आधी जे खात होतं तेच पहिले काही दिवस द्यावं आणि बदलायचं तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदलावं.

शूच्या बाबतीत लोक फार लवकर हात टेकतात. कुत्र्याला पायाखाली काय आहे याची सवय असते. निवाऱ्यात सिमेंटवर करणाऱ्याला तुमची बाथरूम आणि तुमचा हॉल यांत फरक कळत नाही. मातीवर करणारं डांबरी रस्त्यावर तासभर फिरतं आणि घरी येऊन गालिच्यावर करतं, कारण त्यातल्या त्यात तोच मऊ असतो. त्याला वळण नाही असं नव्हे, वळण दुसऱ्या जागेचं आहे. पिल्लाला नेतो तसं ठरलेल्या वेळी बाहेर न्यावं, जमलं की लगेच खाऊ द्यावा, घरात झालं तर निमूट पुसून घ्यावं.

त्या लॅब्रेडॉरची दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सतरंज्यांची वाट सरावाची झाली, खाणं सुरू झालं, तरी रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला ती उठून दाराशी जायची आणि कान टवकारून उभी राहायची. बहिणीला ते फार लागायचं. आपण एवढं करतो आणि हिचं मन अजून तिकडेच. चौकशी केल्यावर कळलं, की आधीच्या घरातले गृहस्थ सातला कामावरून येत आणि तिला फिरायला नेत. यावर दोन उपाय होते: तिला हाक मारून, खेळवून दारापासून तोडायचं, किंवा ती वेळ मान्य करायची. त्यांनी फिरायची वेळ साडेपाचवरून सातवर आणली. मेहुणे कामावरून येऊन बेल वाजवत आणि पायातल्या चपला न काढता तसेच तिला घेऊन खाली जात. ती वाट कुणाची पाहत होती ते आपल्याला ठाऊक नाही. तिच्या सातच्या ठोक्याला या घरात उत्तर मिळालं, एवढं खरं. जुन्या निष्ठेशी स्पर्धा करायची नाही. तिला जागा द्यायची.

आता हा प्रश्न फक्त हौशी घरांचा राहिलेला नाही. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेण्यासाठी प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करता येईल, आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असं म्हटलं आहे. जबाबदारी रास्त आहे. पण रस्त्यावर वाढलेल्या मोठ्या कुत्र्याचं आयुष्य गल्ली, टोळी, हद्द आणि पाच-सहा ओळखीची घरं एवढ्यावर उभं असतं. काहींना फ्लॅट मानवतो: म्हातारी, जायबंदी, एकटी पडलेली, आपणहून जिन्यात येऊन झोपणारी. धडधाकट, मोकाट कुत्र्याला मात्र बंद दार आणि लिफ्ट ही शिक्षा वाटू शकते. नुसत्या करुणेच्या भरात अर्ज करणाऱ्याला हे कुणीतरी आधी सांगितलं पाहिजे. आणि दिवाळीच्या तोंडावर तर कुठलंच कुत्रं नव्या घरात नेऊ नये. फटाके वाजले की भेदरलेलं कुत्रं उघड्या दारातून पळतं आणि नव्या भागात त्याला परतीची वाट माहीत नसते.

दत्तक देताना आज लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला आणि नव्या मालकाचं ओळखपत्र पाहिलं जातं. त्याबरोबर कुत्र्याची माहिती लिहिलेलं एक पानही दिलं पाहिजे, असं मला वाटतं. निवारा असो, महापालिका असो वा कुत्रं सोडणारं कुटुंब, त्यांनी त्यावर लिहावं: कुठल्या नावाला वळतं, ‘बस’ कळतं, ‘बैठ’ कळतं की ‘सिट’, काय खातं आणि कुठल्या भांड्यात, मातीवर करतं की सिमेंटवर, कुठे झोपतं, कुठे हात लावलेला खपत नाही, छत्रीला घाबरतं की झाडूला, कुठलं औषध चालू आहे, दिवसाच्या कुठल्या वेळी कुणाची वाट पाहतं. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी यातलं बरंचसं त्याला रोज खायला घालणाऱ्या बाई सांगू शकतात. त्यांना कुणी विचारत नाही. कुत्रं सोडून देणाऱ्या कुटुंबाला हे पान भरायला अपराधी वाटेल, अवघड जाईल. तरी ते त्यांच्याकडून भरून घ्यावं, कारण त्या कुत्र्यासाठी त्यांच्या हातून होण्यासारखं तेवढं एकच काम उरलेलं असतं.