ज्याचं सुतक नाही

१९ सप्टेंबर २०१४ ला चेन्नईत मँडोलिनवादक यू. श्रीनिवास गेले. वय अवघं ४५. मी तेव्हा तंजावूरला, राजवाड्याजवळच्या एका जुन्या मराठी घरात उतरलो होतो. टीव्हीवर बातमी आली तसे घरातले काका उठले, मागच्या अंगणात गेले आणि डोक्यावरून दोन तांबे पाणी घेऊन ओलेत्यानेच परत आले. काकू दारातच म्हणाल्या, "अहो, आपल्याला कसलं सुतक?" काका काही बोलले नाहीत.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. काका श्रीनिवासना कधी भेटले नव्हते. तीन-चार कचेऱ्या समोर बसून ऐकलेल्या, बाकी सगळं कॅसेटवर. सुतक नात्याने येतं. ते पाळणाऱ्यांना देवघर, स्वयंपाक, सण यांतून थोडे दिवस बाजूला करतं, म्हणजे ज्यांचं खरोखर गेलं त्यांना जागा मिळते. उद्या प्रत्येक श्रोता अंघोळ करू लागला तर त्या जागेत गर्दी होईल. श्रीनिवासांचा धाकटा भाऊ यू. राजेश अनेक वर्षं त्यांच्याशेजारी बसून मँडोलिन वाजवत असे. त्याच्या दुःखापुढे आमच्या हळहळीची किंमत ती काय? कलावंत गेला की "आमचा, आमचा" म्हणणाऱ्यांच्या गलक्यात घरच्यांचा आवाज हरवतो, हे मी पाहिलेलं आहे, आणि मला ते अश्लील वाटतं.

तरी काकांचं काहीच गेलं नव्हतं, असं मला म्हणवत नाही. "रेकॉर्डिंगं आहेत ना," असं लोक समजुतीने सांगतात. पण रेकॉर्डिंगमध्ये काय असतं? त्या दिवशीचा कल्याणी. कर्नाटक संगीतात आलापना आणि कल्पनास्वर जागच्या जागी सुचतात. वादक जिवंत असतो तोवर पुढच्या डिसेंबरचा कल्याणी कसा येईल, हे त्यालाही ठाऊक नसतं. ही वाट बघणं श्रोत्याच्या मालकीचं असतं. काकांचं ते गेलं.

शिवाय हे वाद्यच वाट बघायला लावणारं. मँडोलिनचा स्वर पटकन विझतो, पडदे पक्के. गमकाला ते नालायक, असं म्हणणारे जाणकार कमी नव्हते. श्रीनिवासांनी जोडतारांऐवजी एकेरी तारा घेतल्या, पाचवी वाढवली, विजेची साथ घेतली. ब्लूज गिटारवाले तार खेचून, विजेवर लांबवून स्वर रडवतात, त्याच्याशी याचं नातं आहे. त्यांच्या गुरूंना, रुद्रराजू सुब्बराजूंना, मँडोलिन येत नव्हतं. ते गाऊन दाखवत आणि पोरगं तारेवर शोधत असे. १९७८ मध्ये, नऊ वर्षांचं असताना, ते पहिल्यांदा कचेरीला बसलं. तिथून पस्तीस-छत्तीस वर्षं आपण त्याला मोठं होताना ऐकलं. आणि 'संगीत कलानिधी' द्यायला अजून वेळ आहे, वय कुठे झालंय, असं धरून चाललो. तो द्यायचा राहिलाच. शोकसभांमध्ये कौतुकाची जी झुंबड उडाली, तिच्यात मला थोडी थकबाकी ऐकू येत होती. माझीही.

१९९० मध्ये ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन हेलिकॉप्टर अपघातात गेला, पस्तिसाव्या वर्षी. टेक्सासमधल्या ऑस्टिनला तळ्याकाठी त्याचा पुतळा आहे, तिथे लोक फुलं ठेवतात. ती भावना खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण फूल ठेवून परतणारा आणि त्या मरणाचं काही ओझं उचलणारा, यांत फरक आहे.

ओझं उचलणाऱ्या बाईची जागा तंजावूरहून बसने अर्ध्या तासावर आहे. त्यागराज १८४७ मध्ये तिरुवैयारूला वारले. बंगळूर नागरत्नम्मांचा जन्म १८७८ चा. त्यांनी त्यागराजांना पाहणं शक्यच नव्हतं. त्यात त्या देवदासी. समाधी मोडकळीला आलेली कळल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशाने जागा घेतली आणि मंदिर बांधलं. तिथल्या आराधनेत बायकांना गायला मनाई होती, तेव्हा त्यांनी बायकांची वेगळी आराधना उभी केली. त्यांना कोणी विचारलं असेल का, तुम्हाला कसलं सुतक म्हणून? असेलच. नातं नसताना त्यांनी नात्यातल्यांची कामं केली, आणि मग हक्काची चर्चा आपोआप मागे पडली.

काकांनी तेवढं केलं नव्हतं. पण रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं की सुतकाचेही पल्ले असतात. जवळच्याला दहा दिवस, लांबच्याला तीन, अगदी दूरच्या भाऊबंदाला नुसती अंघोळ. काकांनी सगळ्यात दूरचा वाटा घेतला होता, आणि त्यापुढे तोंडातून शब्द काढला नव्हता.

सकाळी काकूंनी कॉफी दिली. काकांचा ओला पंचा दोरीवर वाळत होता. "ती मँडोलिनची कॅसेट कुठे ठेवलीत हो?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "आज नको. तेरा दिवस होऊ देत."

काकूंनी पंचा दोरीवरून काढला आणि घडी घातली.