बुद्ध्यंक: मापन आणि निवाडा

बुद्धिमापनाविषयीचा वाद बहुधा बुद्धी मोजता येते की नाही, या प्रश्नापाशीच अडून राहतो. नैतिक प्रश्न त्यापुढचा आहे: मोजून आलेल्या अंकावरून माणसाविषयी काय म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळतो?

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये आपली चाचणी सिद्ध केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी ही वाढू न शकणारी, कायमची ठरलेली राशी आहे, या मताचा बिनेने १९०९च्या ग्रंथात स्पष्ट निषेध केला. पुढे १९१२ साली विल्यम स्टर्नने मानसिक वयाला शारीरिक वयाने भागले. १९१६ साली लुइस टर्मनने तो भागाकार शंभराने गुणून अमेरिकेत रूढ केला. ‘या मुलाला आज हे जमले नाही’ या विधानाची जागा ‘याची बुद्धी इतकी आहे’ या विधानाने घेतली. एका प्रसंगाचे वर्णन व्यक्तीचा गुणधर्म होऊन बसले.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. निरनिराळ्या चाचण्यांतील गुण परस्परांशी निगडित असतात, हे चार्ल्स स्पिअरमनने १९०४ साली दाखवले आणि ते पुन्हापुन्हा प्रत्ययास आले आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. तशाच प्रकारच्या सामग्रीतून थर्स्टनने १९३८ साली सात प्राथमिक क्षमता काढून दाखवल्या.

मानसशास्त्र चाचणीकडून विश्वसनीयता आणि सप्रमाणता अशा दोन गोष्टी मागते. पुन्हा मोजल्यास तोच अंक येणे ही विश्वसनीयता. सप्रमाणता मात्र अंकाची नसते; त्यावरून काढलेल्या निष्कर्षाची असते. वर्ग ठरवण्यास उपयोगी पडणारी चाचणी मातृत्वाचा अधिकार ठरवण्यास उपयोगी पडेलच असे नाही. व्हर्जिनियात कॅरी बक या तरुणीचे मानसिक वय नऊ ठरवले गेले. शाळेतील तिची प्रगती नियमित होती. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली तिच्या सक्तीच्या नसबंदीस संमती दिली आणि त्याच वर्षी ती करण्यात आली.

येथे चूक गणिताची नव्हती. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला जोडले गेले. म्हणून सप्रमाणता हे केवळ तंत्र नाही. मोजणाऱ्याने स्वतःच्या निवाड्याला घातलेली ती मर्यादा आहे. ती सुटली की अचूक मापनही अन्यायाचे साधन होते.