सोने, दागिना आणि सूक्ष्म कण

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सोने आणि दागिने यांचा दृष्टांत वारंवार येतो. घाट पालटला, नाव पालटले, तरी सोने सोनेच. तसे नामरूपांच्या पसाऱ्यात ब्रह्म एकच. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी मांडला गेलेला हा विचार जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील धातुकणांना लावून पाहिला, तर त्याचे बळ कळते आणि त्याची मर्यादाही.

सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले की पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये या लाल द्रवाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. कण गोळा करून वितळवले, तर पुन्हा पिवळे सोनेच हाती येते. दृष्टांत टिकतो. मात्र रूप येथे केवळ नावापुरते उरत नाही. कोणता प्रकाश शोषायचा हे कणाचे आकारमान ठरवते.

मिश्रधातूत प्रश्न अधिक खोल जातो. सोन्याचे कण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषतात, चांदीचे सुमारे ४००. दोन्ही द्रव नुसते एकत्र केले, तर शोषणाची दोन शिखरे दिसतात. प्रत्येक कणातच दोन्ही धातू एकजीव असतील, तर मधोमध एकच शिखर येते आणि धातूंच्या प्रमाणानुसार ते सरकते. येथे एक जुना वाद आठवतो. अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ (म्हणजे पूर्ण वस्तू) उत्पन्न होतो, असे न्यायदर्शनाचे नैयायिक म्हणत. बौद्ध तार्किकांना तो अवयवांचा समुदायच वाटे. या एका शिखराने वाद मिटत नाही, कारण ते अणूंच्या परस्परसंबंधातूनही समजावता येते. तरीही ‘नुसती बेरीज’ हे उत्तर अपुरे आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

द्रवात हे कण सुटे ठेवणे हेच अवघड काम. सिट्रेटचे आवरण त्यांना ऋणभार देते आणि ते एकमेकांना दूर लोटतात. पेशी वाढवण्याच्या द्रवातील क्षार ही अपसारणशक्ती झाकून टाकतात. कण गुठळतात आणि सोन्याचा लाल द्रव निळसर होतो. म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखे लांब रेणू पृष्ठभागावर बसवतात. रक्तद्रवात तर प्रथिने पाहता पाहता कणांना वेढतात. पेशीची गाठ आधी या वेढ्याशी पडते, धातूशी नंतर.

वेदान्तात जास्वंदीजवळचा स्फटिक लाल भासतो, पण मुळात स्वच्छच राहतो. उपाधी (येथे जवळची जास्वंद) वस्तूला स्पर्श करत नाही. कणाचे आवरण मात्र त्याने कोणत्या पेशीत शिरावे आणि कोठे साचावे यावर प्रभाव टाकते. शिवाय चांदी असलेल्या कणांतून चांदीचे आयन द्रवात उतरू शकतात. त्यामुळे पेशी मेल्या, तर दोष कणाचा, आवरणाचा की आयनांचा हे ठरवण्यासाठी कण गाळून उरलेला द्रव आणि सुटे आवरणद्रव्य यांचीही चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.