पुसलेला खांब

अमेरिकेतल्या लोन पाइन गावाहून ॲन्सेल ॲडम्सने १९४४ साली टिपलेले सिएरा नेव्हाडा पर्वताचे छायाचित्र मला फार आवडते. चार पहाटे ढगांनी त्याला हुलकावणी दिली. पाचव्या दिवशी हिमशिखरे उजळली. खाली काळोखी टेकडी, तिच्या पायथ्याशी उन्हाचा पट्टा आणि त्यात चरणारा घोडा. घोडा पाठमोरा होता. तो आडवा वळेपर्यंत ॲडम्स थांबला. या थांबण्यात मला साधना दिसते.

पण त्या टेकडीवर शाळेच्या मुलांनी पांढऱ्या दगडांची 'एल. पी.' ही भलीमोठी अक्षरे मांडली होती. ती त्याने चित्रातून पुसली. तो ओरखडा जपण्याइतके आपण कर्मठ नाही, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहिलेही.

मीही तोच कित्ता गिरवला. आमच्या गावचा सूर्योदय टिपला आणि मध्ये येणारा विजेचा खांब संगणकावर पुसून टाकला. गेल्या दिवाळीत काकांना ते चित्र दाखवले. चष्मा सारखा करीत ते म्हणाले, "छान आलंय रे. पण आपला खांब कुठं गेला? सात वर्षं अर्ज केले होते त्याच्यासाठी!"

मी निरुत्तर झालो. घोड्यासाठी थांबणे आणि खांब पुसणे, दोन्ही सौंदर्यासाठीच. पण थांबणारा जगाचा मान राखतो. पुसणारा मात्र कुणाची तरी सात वर्षे पुसून बसतो.

यंदा पुन्हा त्याच बांधावर उभा राहणार आहे. खांबावर ऊन येईपर्यंत.