तराजूचा काटा आणि देवाची इच्छा

कारखान्याला टाळं लागलं, पुरात घर गेलं, कमावता मुलगा दगावला, की भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, ‘देवाची इच्छा!’ करोनाकाळात तर ऑक्सिजनअभावी गेलेल्या जिवांवरही याच दोन शब्दांचं पांघरूण घातलं गेलं. दुःखी माणसाने ते स्वतः उच्चारले तर त्यांना वजन असतं. तेच शब्द दुसऱ्याने त्याला ऐकवले, की पुढची विचारपूस बंद होते. वर दाखला दिला जातो ख्रिस्ती समर्पणाच्या परंपरेचा, आणि ती परंपरा मला तरी काही वेगळंच सांगताना दिसते.

गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून आधी विनवणी करतो, पित्याच्या इच्छेला होकार त्यानंतर देतो. हा क्रम विसरून चालत नाही. बायबलमधला ईयोब तर सरळ देवाशी वाद घालतो. आणि शेवटी देवाचा कोप होतो तो त्याच्यावर नव्हे, त्याला शहाणपण शिकवायला आलेल्या मित्रांवर. पुढे स्टोइक विचाराची छाया पडली, वाळवंटातल्या तपस्व्यांना निर्विकार मनाची ओढ लागली. तो सगळा पल्ला इथे ओलांडून जाऊ, कारण खरा घोळ झाला तो सोळाव्या शतकातल्या ‘उदासीनता’ या एका शब्दापाशी.

1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेला इग्नेशियस लोयोला पुढे ‘आध्यात्मिक साधना’ लिहितो. पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. सुरुवातीलाच तो सांगतो, की आरोग्य वा आजार, संपत्ती वा गरिबी, मान वा अपमान यांपैकी कशाकडेही मनाचा आधीच कल नसावा. बहुतेक वाचक इथेच थांबतात आणि या वृत्तीला उदासीनता म्हणून मोकळे होतात. पण साधना महिनाभराची आहे, आणि तिच्या मध्यावर येते ती आयुष्याच्या वाटेची निवड. तिथे इग्नेशियस तराजूच्या काट्याची उपमा देतो. दुकानदार काटा मधोमध आणतो तो माल तोलण्यासाठी. काटा स्थिर झाला म्हणून कुणी दुकान बंद करत नाही. मग तो तोलायचं कसं तेही शिकवतो. लाभ-तोटे दोन्ही बाजूंनी मांडा. एखाद्या अनोळखी माणसाला काय सल्ला दिला असता ते पाहा. मरणशय्येवर असताना आपण काय निवडलेलं आवडेल, ते विचारा. ज्याने सगळं आधीच स्वीकारलंय त्याला एवढा खटाटोप कशाला? शिवाय हा माणूस दगडही नव्हता. 1555 मध्ये त्याने स्थापलेल्या येशू संघाबद्दल फारसं प्रेम नसलेले कार्डिनल काराफा पोप झाल्याचं कळलं, तेव्हा त्याचं अंग थरथरलं होतं. नंतर तो प्रार्थनेला गेला आणि शांत होऊन बाहेर आला.

यावर कुणी म्हणेल, याच इग्नेशियसने प्रेतासारखं आज्ञापालन शिकवलं, त्याचं काय? शब्द कठोर आहेत, मान्य. पण 1553 च्या आज्ञापालनावरील पत्रात, प्रार्थना करूनही मन मानत नसेल तर वरिष्ठापुढे आपलं म्हणणं मांडायला त्याने मोकळीक ठेवली आहे. निव्वळ निष्क्रियतेचा पुरस्कार केल्याचा ठपका बसला तो स्पॅनिश धर्मगुरू मोलिनोसच्या पंथावर, आणि 1687 मध्ये रोमनेच त्या शिकवणीचा निषेध केला. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: निवड ही सुस्थितांची चैन, दुष्काळातल्या पोरीपुढे कसली निवड? त्या पोरीपुढे नव्हतीच. तिच्याभोवतीच्या माणसांपुढे होती. पावलोपावली देवाची इच्छा शोधणाऱ्या पंडिता रमाबाई 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. त्याच 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या बायकांच्या हालांवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारलाच जाब विचारला. दोन्ही कामं एकाच श्रद्धेची होती.

हाच प्रश्न 1944 च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या तेगेल तुरुंगात नाझीविरोधी जर्मन धर्मशास्त्रज्ञ बोनहोफरला पडला होता: विरोध कुठे संपतो आणि समर्पण कुठे सुरू होतं? एप्रिल 1945 मध्ये त्याला फाशी झाली. मित्र बेट्गे याने 1951 मध्ये त्याची तुरुंगातली पत्रं छापली तेव्हा जर्मन शीर्षक ठेवलं, ‘विरोध आणि समर्पण’. इंग्रजीत पुस्तक गेलं, शीर्षक मात्र गेलं नाही.